मुठीत न येणारं बोट

उजव्या हाताचं मधलं बोट मी सारखी वाकवत असते. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, टीव्हीसमोर. डाव्या हातानं दाबायचं, तळव्याकडं न्यायचं, सोडायचं. सून म्हणते, "आई, बघून मलाच कसंतरी होतंय." होऊ दे.

म्हशीचं दावं बोटांना गुंडाळून धरू नये, हे आमच्या कसबा बावड्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी गुंडाळलं, तेवढ्यात ट्रॅक्टर धडधडला आणि म्हैस उधळली. मोडलेलं हाड जुळलं, पण प्लास्टरमध्ये मधला सांधा आखडून बसला. धार काढायला मूठ आवळावी लागते, ती आवळेना. डॉक्टरांनी ऑपरेशन करून सांधा मोकळा केला आणि बजावलं, "व्यायाम सोडलात तर परत आखडेल."

वर्षभरात बोट तळव्याला टेकलं. मी गल्लीभर दाखवत फिरले. त्याला आता सात-आठ वर्षं झाली. व्यायाम एक दिवस चुकवला नाही, तरी बोट आणि तळव्यात आधी काडी जाईल एवढी फट पडली. आता पेन जातं.

परत डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बोट वाकवून, मोजून बघितलं. "थोडं मागं जातंच हो. तुमचं बरंच टिकलंय. पुन्हा ऑपरेशन केलं तर आहे तेही जायची भीती." ते खुशीत होते. माझा जीव टांगणीला. सडात दूध उरायला लागलं होतं, आणि उरलं की कास सुजते. आताची म्हैस माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही, हे मीच घरात शंभरदा सांगितलेलं. म्हणजे ती विकायची.

परवा संध्याकाळी धार काढता काढता बोट अडलं. आमचे मालक गोठ्यात आले.

"सरक. मी बघतो."

"लाथ घालंल ती तुमास्नी."

"घालू दे की. तू बस गप."

ते बसले, मूठ आवळली. म्हशीनं मान वळवून त्यांना हुंगलं आणि परत वैरणीत तोंड घातलं. चरवी काठापर्यंत भरली.

"निवांत हाय की गं," ते म्हणाले.

म्हैस आता विकावी लागणार नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा असा राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. निदान एक पाय तरी झाडायचा होतास, बाई.