पहिल्या पाच वड्या

माझ्या हातून घडलेली चूक तशी लहानच. एक वाक्य जास्तीचं बोललो. वाक्यही चांगलं होतं. शाळेतल्या कार्यक्रमात बोललो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण मी ते बोललो आमच्या अंगणात, धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या मूगवड्या टाकायच्या सकाळी, गल्लीतल्या वीस-बावीस बायांसमोर.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चिखलीजवळच्या आमच्याच गावात मी मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो, त्यामुळे गावाला सुधारायचं काम आपल्याकडेच आलं आहे असा माझा समज होता. त्याच महिन्यात शाळेत 'जुन्या रूढी' या विषयावर माझं भाषण झालं होतं. हेडमास्तरांनी पाठ थोपटली होती. ती थाप अजून पाठीवरून उतरली नव्हती.

घरात स्वयंपाकघर अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला धाड गावी दिली होती, पण नवरा तापानं गेला आणि वर्षाच्या आत ती आमच्याकडे परत आली. आई आधीच गेलेली. धाकटीला अक्कानेच न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढे माझं लग्न झालं, तेव्हा माझ्या बायकोला चुलीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं तिनेच शिकवलं. उन्हाळा आला की घर तिच्या ताब्यात. कुरडयांचा चीक, शेवया, पापड, आणि सगळ्यांत शेवटी मूगवड्या. डाळ रात्री भिजवायची, पहाटे पाट्यावर वाटायची, त्यात मिरची, लसूण, जिरं; मग परातीत हातानं फेसत बसायची. झालं की नाही हे बघायला वाटीभर पाण्यात चिमूटभर पीठ सोडायची. तरंगलं तर झालं. बुडालं की पुन्हा फेसणं. तिच्या वड्या रश्शात टाकल्या की फुलायच्या, पण फुटायच्या नाहीत.

या कारखान्यात माझं काम एकच. वड्या वाळत घातलेल्या बाजेजवळ बसून कावळे हाकलायचे. ते मी वर्तमानपत्र वाचता वाचता करत असे. कावळ्यांची माझ्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

आमच्याकडे लग्नघरच्या वड्यांची एक रीत होती. पहिल्या पाच वड्या पाच सवाष्णींनी टाकायच्या, त्या वड्यांना हळदीकुंकू लावायचं, आणि मग बाकीच्या बायांनी बाजेवर अंथरलेलं धोतर भरून टाकायचं. विधवेनं त्या वेळी समोर यायचं नाही.

आता अक्काची गंमत अशी की हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं सांगायची वेळच येऊ दिली नव्हती. चुलत्याच्या घरचं लग्न असो की शेजारचं, पहाटे उठून डाळ ती धुणार, ती वाटणार, पीठ फेसून परात झाकून ठेवणार. आणि बायांच्या बांगड्या दारात वाजू लागल्या की हिला नेमकं गोठ्यात काम निघणार. "म्हैस दावं तोडून राह्यली जनू," म्हणत ती मागच्या दारानं जायची. हळदीकुंकू झालं की परत यायची आणि सगळ्यांच्या आधी धोतराचा एक कोपरा भरून टाकायची. अकरा वर्षांत तिला 'तू नको' असं कोणी म्हटलं नाही. माहेरी येऊन तिनं एवढी एकच गोष्ट सांभाळली होती.

मला हे कळत नव्हतं असं नाही. त्या सकाळी ते आठवलं नाही, कारण मला भाषण आठवत होतं.

अंगणात बाज मांडली होती. सगळी सूत्रं काकूच्या हाती, म्हणजे माझ्या चुलतीच्या. माझी बायको पाच सवाष्णींत. हाताला पीठ लावून ती पहिली वडी टाकायला वाकली होती. मी दारात उभा. विचारलं, "अक्का कुठं आहे?"

"असंन मांगं गोठ्यात," कोणीतरी म्हणालं.

मी हाक मारली. "अक्का! बाहेर ये! पीठ तू फेसलं, पोरीले तू वाढवलं. पह्यली वडी तुह्याच हातची पडली पाह्यजे!"

अक्का घाईघाईनं आली. नुसती हाक तेवढी तिला ऐकू गेली असावी. "काऊन रे? काय सांडलं?" तिनं विचारलं.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. 'काही नाही, चहा ठेव' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा तर जरा जास्तच चांगलं जमलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग बाजेजवळ बसलेल्या धाकटीकडे. आणि मग तिनं उजवा हात पदराला पुसला.

काकूचा आवाज मोठा नव्हता. "मास्तर, लग्नाचं घर आहे. पोरीच्या सुखाचं पाहाय जरा."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. शाळेतले श्रोते आणि हे श्रोते यांत फरक होता. तिथं बोलून झाल्यावर खाली बसता येत होतं. इथं आता पुढचं वाक्य हवं होतं, आणि भाषणात ते नव्हतं. मी म्हणालो, "अवो काकू, मी आपली मजाक केली."

बाया हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. अक्काही हसली. "मले वाटलंच," ती म्हणाली, "मी बी पीठ पाहालेच आली व्हती." तिनं वाटीतल्या पाण्यात चिमूटभर पीठ सोडलं. तरंगलं. ते तरंगणार हे तिला पहाटेपासून माहीत होतं. वाटी खाली ठेवून ती मागच्या दारानं निघून गेली, आणि माझ्या बायकोनं पहिली वडी टाकली. त्या दिवशी धोतराचा कोपरा भरायला अक्का परत आली नाही.

लग्न झालं. धाकटी सासरी गेली, आणि आठच दिवसांनी अक्काने पेटी भरली. "दिराच्या घरी चार दिवस जाऊन येतो," म्हणाली. मी तिला धाडच्या गाडीत बसवून दिलं. चार दिवसांचे महिने झाले, पोळा गेला, दिवाळी गेली. मी दोन पत्रं टाकली. उत्तरात सगळ्यांची खुशाली विचारलेली असायची.

पुढचा चैत्र आला. बायकोनं एकटीनं वड्या केल्या. अर्ध्या खड्यासारख्या झाल्या, अर्ध्या रश्शात विरघळल्या. खरं सांगायचं तर बहिणीची आठवण मला त्या रश्शानं जास्त आली. दुसऱ्याच रविवारी मी धाडला गेलो.

अक्का दिराच्या अंगणात पाट्यावर डाळच वाटत होती. हात धुऊन तिनं पाणी दिलं. मी म्हटलं, "चाल घरी."

"बरी आहे मी इथं."

"इथं तुले समोर येऊ देतेत का?"

"नाही," ती म्हणाली. "आल्या दिवशीच जाऊबाईनं सांगतलं, शुभ कामाकाजाले समोर यायचं नाही. म्या म्हटलं, बरं. झालं, संपलं." मग पाट्यावरची डाळ बोटांनी गोळा करत म्हणाली, "तुह्या घरी कोनी सांगतलं नव्हतं ना. म्हून मले वाटत राहे."

"काय वाटत राहे?"

"जाऊ दे. जेवाले बस."

जेवणात वड्यांचा रस्सा होता. मी दोनदा मागून घेतला. एवढ्या दुःखातही मला भूक लागते, हे घरच्यांना माहीत आहे. वाढता वाढता तिनं विचारलं, "त्या दिवशी म्या हात पुसला पदराले. तुले दिसलं व्हतं का रे?"

"नाही बा," मी म्हणालो. माफी मागायला म्हणून गेलो होतो, आणि एक खोटं आणखी बोलून आलो.

निघताना तिनं एका फडक्यात वड्या बांधून दिल्या. चांगलं मोठं गाठोडं होतं. गाडीत ते मी मांडीवर धरून बसलो. मनाशी म्हणत होतो, राग असता तर एवढ्या वड्या दिल्या असत्या का? घरी पोचेपर्यंत माझी खात्रीही झाली होती.

बायकोला मी तसंच सांगितलं. "येईन ती. राग नाही तिच्या मनात. पाहाय, केवढ्या वड्या देल्ल्या."

तिनं गाठ सोडली. एक वडी उचलून बोटांत फिरवून पाहिली आणि परत ठेवली. मग गाठ होती तशी पुन्हा बांधली.

"घरच्या मानसाले कोनी वड्या बांधून देत नाही," ती म्हणाली. "पाहुण्याले देतेत. ठेवा फळीवर." आणि मी गाठोडं फळीवर ठेवत असताना मागून म्हणाली, "अन् आता कधी मजाक सुचली, तं माही करत जा. मले जायाले दुसरं घर नाही."