माझ्या नावाचं आंतरदेशीय

लग्न झालं तेव्हा यांना भुसावळला रेल्वेत लागून वर्षही झालं नव्हतं. क्वार्टर मिळेपर्यंत मी पारोळ्याजवळच्या गावी सासरीच राहायचं असं ठरलं. हे तिकडे आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहत. महिन्यातून एकदा गावी येत, आणि मध्ये एखादं पोस्टकार्ड.

कार्ड सासऱ्यांच्या नावे असायचं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. संध्याकाळी ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचत. ‘तीर्थरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार’पासून बैलाच्या खुरापर्यंत सगळं आलं की शेवटी एक ओळ माझी. ‘सौ.ला प्रकृतीस जपण्यास सांगणे.’ मी दाराआड उभी राहून ती ओळ ऐकायची आणि चुलीकडे वळायची.

एकदा कार्डाऐवजी निळं आंतरदेशीय आलं. वर नाव माझं होतं. नानांनी पत्ता पाहिलाच नाही. घरात येणारं टपाल तेच फोडत. सासूबाई आणि नणंद समोर बसल्या होत्या. नाना वाचू लागले, “डबा उघडला की तुझ्या हातची कळण्याची भाकरी आठवते. पण तुझा आवाज मला नीट आठवत नाही. आपण अजून धड बोललोच कुठे...”

नाना थांबले.

“का बरं थांबनात? पुढे वाचा ना,” सासूबाई म्हणाल्या.

“पुढे बठ्ठं बरं शे,” पुढचं सगळं ठीक आहे, असं म्हणून त्यांनी कागद दुमडला आणि माझ्याकडे न बघता पुढे धरला. मग टोपी घालून मळ्याकडे निघून गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बिचारे माझ्याहून जास्त ओशाळले होते.

मी कोठीच्या खोलीत जाऊन उरलेलं वाचलं. शेवटी लिहिलं होतं, ‘उत्तर तू स्वतः लिही.’

मी नववीपर्यंत शिकलेली, अक्षरही बरं होतं. पण आंतरदेशीय आणायला नानांनाच सांगावं लागणार, टाकायलाही त्यांच्याच हाती द्यावं लागणार. भाकरी थापताना, कापूस वेचताना मी मनातल्या मनात उत्तर लिहीत राहिले. काय काय होतं त्यात! यांचा आवाज मला आठवतो, हेसुद्धा होतं.

दिवाळीला हे आले, तर नणंदेनं पंगतीतच सुरू केलं, “दादा, वहिनीना आवाज आठवना का?” वहिनीचा आवाज आठवला का, म्हणे. सगळे हसले. यांचा हात ताटातच थांबला. रात्री मी म्हटलं, “मी लिहिणार होते.” हे म्हणाले, “राहू दे. मी उगाच लिहिलं.” त्यानंतर पुन्हा पोस्टकार्डंच आली.

पुढं क्वार्टर मिळालं, मुलं झाली. हे माणूस म्हणून चांगले. कधी हात उगारला नाही, स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. पण आमचं बोलणं म्हणजे नळाला पाणी आलं का आणि उद्याची ड्यूटी कोणती. एकदा बाजारातून परतताना मी धीर करून म्हटलं, “त्या पत्रात तुम्ही किती छान लिहिलं होतं.”

“कोणत्या?” ते म्हणाले, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना आठवत होतं, हे मला कळलं. मी तरीही पुढं काही विचारलं नाही.

नव्वदनंतर त्यांची नंदुरबारला बदली झाली. मुलांच्या शाळेमुळे मी भुसावळलाच राहिले. आता शेजाऱ्यांकडे फोन आला होता. रविवारी दुपारी त्यांची मुलगी हाक मारायची, मी हात पुसत धावायची. शेजाऱ्यांचं सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं असे. मी आले की ते भल्या मनानं आवाज कमी करत, आणि त्या शांततेत माझा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू जाई.

“जेवण झालं?”

“झालं. तुमचं?”

“हो. मुलं?”

“बरी आहेत.”

मग तारेतून नुसती खरखर यायची.

“ठेवतो मग,” हे म्हणायचे.

“ठेवा,” मी म्हणायची. घरी येऊन मुलांना सांगायची, बाबा मजेत आहेत.