कुरवंड्याचा ओढा आणि पंचवीस किलोमीटरचा चौकोन

"मॅडम, तुमच्या आकड्यावरून साकव नऊ फूट उंच बसतोय. पण वाडीतली एक मावशी ऐकत नाही. म्हणते, तेवढं पाणी तर दर दोन वर्षांनी येतं," इंजिनिअर फोनवर सांगत होता.

मी म्हटलं, "आकडा बरोबर आहे. तपासलाय मी."

साकव म्हणजे ओढ्यावरचा चालत जायचा लहान पूल. कुरवंड्याच्या पुढे डोंगरात ही वाडी. ओढा चढला की लोणावळ्याची वाट बंद. त्याआधीच्या पावसाळ्यात मावशीची सून बाळंतपणाच्या कळा सोसत दिवसभर काठावर अडकली होती. बाळ गेलं. म्हणून हा साकव होत होता. मोठ्या पावसाचा आकडा आम्ही द्यायचा आणि त्यावरून इंजिनिअरनं उंची काढायची, असं ठरलं होतं.

आमचं काम हवामानाचं रीजनल मॉडेल चालवायचं. साऱ्या पृथ्वीचं मॉडेल ढोबळ असतं, म्हणून आपल्याला हवा तो तुकडा बारीक चौकोनांत पुन्हा चालवतात. आमच्या वेळी बारीक म्हणजे पंचवीस किलोमीटरचा एक चौकोन. एका चौकोनाला एकच उंची, एकच पाऊस. रन संपायला आठवडे लागायचे. संपला की आमचे बॉस कानडे सर स्वतः सगळ्यांसाठी चहा टाकायचे, आणि तो दर वेळी उतू जायचा. फार सुखाचे दिवस होते ते. रिटायर झाल्यावर जास्तच कळतंय.

फोन ठेवला आणि सहज नकाशा उघडला. माझ्या चौकोनात घाटमाथ्यावरचं कुरवंडे होतं आणि पूर्वेकडचं, सपाटीवरचं कान्हेही होतं. लोणावळ्याला कोसळत असताना कान्ह्याला लोक कपडे वाळत घालतात. माझं माहेर तळेगावचं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी स्क्रीनपुढे बसल्यावर अक्कल गहाण ठेवली होती. दोन्हीकडच्या पावसाची सरासरी मी डोंगरातल्या ओढ्याला लावली होती.

सर म्हणाले, "जाऊन बघ. मॉडेल काही पाय ओले करत नाही."

मावशीचं नाव हिराबाई. तिनं मला ओढ्याकाठच्या कातळापाशी नेलं. त्यावर छिन्नीनं खोदलेल्या आडव्या रेघा होत्या. पावसाळा सरला की त्या वर्षी पाणी सगळ्यात वर जिथं चढलं, तिथं एक रेघ मारायची, ही वाडीची जुनी रीत. वर्ष कुणी लिहीत नाही. त्या साली जन्मलेल्या पोराचं नाव रेघेला.

"ही काळूची. ती वरली बायडीची," मावशी म्हणाली.

मी सगळ्यांची आधार कार्डं मागवली. अख्खी वाडी एक जानेवारीला जन्मलेली. पण साल कामाला आलं. लोणावळ्याच्या पावसाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर मोठ्या पावसाची वर्षं आणि वरच्या रेघा जुळल्या. नऊ फुटांच्या वर कितीतरी रेघा होत्या.

मावशीनं विचारलं, "ताई, तुमच्या मशीनीला आमचा वढा दिसतो का?"

"नाही, मावशी."

"मंग काय दिसतं?"

"पुढं मोठा पाऊस वाढेल, एवढं दिसतं. किती, त्याचा अंदाज."

"मंग पानी कुटवर येतं ते आमी सांगतो. त्याच्यावर किती चढवायचं ते तुमी सांगा."

आमच्या धंद्यात याला एक भारदस्त नाव आहे आणि लोक त्यावर पीएचडी करतात.

ऑफिसात येऊन आम्ही आणखी काही मॉडेलांचे रन काढले. मोठा पाऊस किती वाढेल यावर त्यांचं एकमत नव्हतं. वाढेल, यावर मात्र होतं. त्यातली सगळ्यात मोठी वाढ धरून सगळ्यात वरच्या रेघेवर चढवली. साकवाची उंची चौदा फूट झाली.

"सर, पहिला रिपोर्ट मागे घ्यावा लागेल."

"घे. नाक तुझं कापलं जाईल, ओढा त्यांचा आहे."

साकव झाला. तिसऱ्या पावसाळ्यात ओढा बारा फुटांवर गेला. त्याच दिवशी मावशीच्या त्याच सुनेला डोलीत घालून चौघं साकवावरून निघाले. संध्याकाळी फोन आला.

"ताई, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. कुनाचा पाय बी भिजला न्हाई."

मी फोन धरून रडले. सरांना सांगावंसं फार वाटलं, पण सर तेव्हा उरले नव्हते.

पहिल्या रिपोर्टची प्रत माझ्या कपाटात आहे. नवीन मुलं मॉडेलचं शिकायला घरी आली की आधी तीच हातात देते आणि चूक शोधायला सांगते. अजून कुणाला सापडली नाही. गणित सगळं बरोबर आहे.