आक्काबाईने बसवलेले पंख

कासारवाडीच्या मालोजीच्या हातात जादू आहे, असं लोक म्हणत. मेलेल्या पक्ष्याचं कातडं सोलायचं, कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण लावायचा, काथ्याचं अंग भरायचं आणि पक्षी असा उभा करायचा की मांजराने झेप घ्यावी. खडकीच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाने त्याला हे शिकवलं. सत्तेचाळीस साली साहेब चंबूगबाळं आवरून गेला. साबण ब्रशनेच लावत जा, असं तो सतत बजावायचा. पण मालोजी पडला हट्टी. ब्रशने कातड्याचा अंदाज येत नाही म्हणून तो बोटांनीच चोळायचा, आणि वर त्याची फुशारकी मारायचा. सोमल विष आहे हे त्याला ठाऊक होतं, पण विष पोटात गेलं तरच बाधतं अशी त्याची पक्की समजूत. आता काय बोलावं या माणसाला!

पंचावन्न साली त्याची बोटं बधिर झाली. चहाची कपबशी हातातून निसटू लागली. मिटलेले पंख बसवणं हे तर या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. दोन्ही पंख सारखे मिटायचे, खांदा छातीच्या पिसांखाली सरकवायचा, सांध्यातून टाचणी घालून काथ्यात रोवायची आणि कातडं वाळेपर्यंत वरून दोऱ्याचे वेढे ठेवायचे. वेढा आवळला की पिसं मोडतात, सैल राहिला की पंख लोंबतो. हे काम गुपचूप बायकोकडे, आक्काबाईकडे आलं. मागोमाग साबण चोळणंही आलं, नवऱ्याने शिकवलं तसंच, बोटांनी. नाव मात्र मालोजीचंच राहिलं.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजातले यशवंतराव घरी आले. त्यांच्या संग्रहालयात पक्षी भरणाऱ्याची कायमची जागा निघाली होती. पिंपरीकडे कारखान्यात भरती चालू होती, पण असल्या हातांना तिथे कोण उभं करणार? ही जागा हुकली तर चूल पेटायची नाही, हे आक्काबाई जाणून होती.

"तुमचे पंख बघूनच आलो," यशवंतराव म्हणाले. "आता माझ्यासमोर बसवून दाखवा."

पाटावर भरलेला गायबगळा होता. आक्काबाई स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी राहिली. मालोजीने डावा पंख मिटला, बरा मिटला. टाचणी रोवली. मग पांढऱ्या छातीवर लाल ठिपका उमटला, आणि बघता बघता पसरला. टाचणी पंखातून त्याच्याच बोटात आरपार गेली होती.

"बसला का न्हाई झ्याक?" मालोजीने अभिमानाने विचारलं.

आक्काबाई बाहेर आली, नवऱ्याचा हात धरला आणि टाचणी उपसली. मग ती पाटाशी बसली, बोटांवरची नजर न हलवता दोन्ही पंख नीट मिटले, टाचण्या रोवल्या, दोऱ्याचे वेढे दिले. यशवंतरावांना सगळं कळून चुकलं.

त्यांनी मालोजीला दवाखान्यात जायला सांगितलं. जागा त्याच्या नावावर ठेवता येईल, काम आक्काबाईने करावं, असंही म्हणाले. पण एक अट घातली.

"तुमचीही बोटं अशी झाली असतील, तर बाई, मी तुम्हाला सोमलाजवळ फिरकू देणार नाही. डोळे मिटा. टोचलं की सांगा."

आक्काबाईने हात पुढे केला. शेजारी मालोजी बोटाला चिंधी गुंडाळत होता, आणि त्याला गाठ मारता येत नव्हती. तिने पापण्या मिटल्या, पण पुरत्या नाही. फटीतून तिला टाचणी दिसली, टोकाखाली दबलेली कातडी दिसली. बोटाला काहीच कळलं नाही.

"लागतंय, सायेब," ती म्हणाली.

यशवंतरावांनी टाचणी मागे घेतली आणि सोमवारपासून यायला सांगितलं.