त्याच्या मागून घाट उतरताना

फोन आला तेव्हा मी दुकानात एका सायकलच्या चाकाचा आऊट काढत होतो, डगडगणारं चाक सरळ करत होतो. एमआयडीसीतून कुणीतरी बोलत होतं. टेम्पोत माल चढवताना यासीनच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा चाक फिरवायला लागलो. पाचेक मिनिटांनी पान्हा हातातून निसटून खाली पडला. खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं ते माझ्या चुकीमुळे, आणि ते मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो आणि सांगायचं ज्याला तो माणूसच निघून गेला.

यासीन माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यांच्या घरी ट्रकचा धंदा, आमचं महाडच्या बाजारात सायकलचं दुकान. अंगाने काटकुळा, पण सायकलवर बसला की हा माणूस कशाचा बनलाय असा प्रश्न पडायचा. त्याचे मामा कुवेतला होते. त्यांनी एकदा जुनी पण खरीखुरी शर्यतीची सायकल आणून दिली आणि सोबत युरोपातल्या शर्यतींच्या दोन कॅसेट. आम्ही त्या कॅसेट झिजेपर्यंत पाहिल्या. दगडी रस्त्यावरून चिखलात तोंड माखून जाणारे, पडून कोपर फुटलेलं असताना पुन्हा सीटवर चढणारे, बर्फ पडत असताना डोंगर ओलांडणारे ते व्यावसायिक सायकलस्वार बघून मी तोंड फिरवायचो. यासीन मात्र कॅसेट मागे फिरवून पडण्याचाच भाग पुन्हा लावायचा. कोण कसा पडला यात त्याला रस नव्हता, पडल्यावर किती वेळात उठला हे तो मोजायचा. "बघ सुध्या," म्हणायचा, "याचा हात लटकलाय, तरी पाय थांबले नाय."

मी जन्माचा भित्रा. पोहायला शिकलो तोही साव गावच्या कुंडात, कमरेएवढ्या गरम पाण्यात. अशा माणसाला यासीनने आपला जोडीदार केलं, का ते देवालाच ठाऊक. पहाटे तो पोलादपूरपर्यंत सपाटून सायकल मारायचा, तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या अंगाला जायचा आणि फिरून खाली यायचा. मी वडिलांची स्कूटर घेऊन मागे. पाणी, केळी, पंक्चरचं सामान माझ्याकडे. चढताना मजा यायची, गप्पा मारत जायचो, म्हणजे मी मारायचो आणि तो धापा टाकायचा. उतरताना मात्र माझा जीव मुठीत. एका बाजूला दरी, वळणावळणाला समोरून येणारी एसटी, आणि हा पुढे मान खाली घालून गोळीसारखा. स्कूटरवर असून मी मागे पडायचो. प्रत्येक वळणापाशी वाटायचं, आता पलीकडे रस्ता असेल आणि यासीन नसेल.

त्या वर्षी राज्यातली एक मोठी शर्यत दसऱ्यानंतर तीन आठवड्यांवर आली होती. पहिल्या तिघांना खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळेल असं बोललं जात होतं, आणि यासीन त्या तिघांत येणार यावर आमच्या आळीत कुणाचं दुमत नव्हतं. नोकरी लागली की सुट्ट्या मिळतील, बाहेरच्या राज्यांत शर्यती खेळता येतील, एवढंच त्याचं स्वप्न होतं. ट्रकच्या धंद्यात त्याला जायचं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. पान्हे, पंप, हातोड्या मांडायच्या आणि दुकानात असतील त्या सगळ्या सायकली धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून उभ्या करायच्या. यासीनची सायकल दर वर्षी त्या रांगेत पहिली. आदल्या दिवशी स्वतः आणून द्यायचा. मी त्याला चिडवायचो की तुझ्या सायकलीला तुझ्यापेक्षा जास्त मान आहे. कोकणची हवा अशी की लोखंड चार दिवसांत तांबेरतं, म्हणून आमच्याकडे विकायच्या सायकलींना तेलाचं फडकं फिरवायची पद्धत. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शिस्त होती की गिऱ्हाईकाची गाडी असेल तर नंतर रिंगा कोरड्या फडक्याने पुसून द्यायच्या, कारण ब्रेकचे रबर रिंगेलाच धरतात. मी त्या वर्षी यासीनच्या रिंगांना खोबरेल तेल लावलं. समईच्या उजेडात अशा चमकल्या की मला पुसवेना. सायकलवाल्याचा मुलगा मी, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. पहाटेचा मोकळा रस्ता, मग सगळा चढ. ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही. वर पोचल्यावर आपट्याची चार पानं तोडून मी त्याच्या हातात दिली, त्याने ती सदऱ्यात खोचली आणि उतरायला लागला. पहिल्या दोन वळणांतच मला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. वळण आलं की तो ब्रेक दाबत जरा उठून बसायचा, त्या दिवशी उठला आणि तसाच त्याच वेगात पुढे गेला. त्याचे दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले मागून दिसत होते. मग त्याने डावा पाय रस्त्यावर घासायला सुरुवात केली. मी हॉर्न वाजवत सुटलो, का ते मलाही माहीत नाही. खालून एसटीचा आवाज येत होता. ती वर येते आहे, हा खाली जातो आहे आणि मधे एकच वळण... मी डोळे मिटले. घाटात स्कूटर चालवत असताना मी डोळे मिटले, असा माझा धीर.

उघडले तेव्हा एसटी थांबली होती आणि यासीन डोंगराच्या बाजूच्या गटारात पडला होता. त्याने सायकल दरीकडे जाऊ न देता मुद्दाम डोंगरावर घातली होती. खांदा वेडावाकडा झालेला, मांडीचं कातडं सोललेलं. मी ओरडत धावलो. तो म्हणाला, "बोंबलू नको. गाडी बघ आधी." तिथून एका टेम्पोतून सायकल त्याच्या घरी गेली आणि मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. संध्याकाळी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "रिंगा कोरड्या पुसल्या होत्यास ना?" तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सायकल बघायला त्याच्या घरी गेलो तर रिंगा स्वच्छ होत्या. गटारातल्या चिखलाने तेल गेलं असेल असं मी मनाला सांगितलं आणि सुटलो, निदान त्या दिवसापुरता.

डॉक्टरांनी सहा आठवडे सायकल बंद सांगितली. यासीन तिसऱ्या आठवड्यात खांद्याला पट्टा आवळून शर्यतीला उभा राहिला. त्याची अम्मा माझ्या हातापाया पडली की त्याला अडव. मी काय तोंडाने अडवणार होतो? शर्यतभर मागच्या गाडीत बसून मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग कसं आखडायचं ते मला दिसत होतं. आता खरं सांगावं, गाडी थांबवून सांगावं, असं दहा वेळा तोंडाशी आलं. तो पाचवा आला. पहिल्या तिघांना नोकरी लागली की नाही कोण जाणे, यासीन मात्र पुढच्या वर्षी मामांकडे कुवेतला ट्रक चालवायला गेला. निघताना गळ्यात पडून म्हणाला की परत आलो की घाट मारू. मी घरी येऊन जेवलो नाही.

सहा वर्षांनी तो परतला, लग्न केलं, टेम्पो घेतला आणि पहिल्याच रविवारी सायकल घेऊन दुकानासमोर उभा राहिला. मग परत तेच, तो पुढे आणि मी मागे. दर खंडेनवमीला सायकल पूजेला यायची. मी त्या रिंगांना तेलाचं बोट लागू दिलं नाही, उलट दोनदा कोरड्या पुसून द्यायचो. तो सायकल न्यायला आला की मला त्याच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही. त्याला कळलं तर काय, या भीतीने मी माझा सगळ्यात जवळचा दोस्त अर्धाच अनुभवला.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. अम्माच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तेल, रिंगा, अण्णांना मारलेली थाप, सगळं. त्याची बायको, नसीमाभाभी, इद्दतीत होत्या, नवऱ्यामागे चार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून दाराच्या पडद्याआड बसल्या होत्या. पडद्यामागून भाभींचा आवाज आला.

"सुधीरभाई, ते त्यांना ठाव होतं, पडले त्या दिवसापासून. दर साल तुमच्याकडून सायकल आणली का अंगणात बसून राकेलच्या चिंधीनं रिंगा पुसायचे. मी विचारलं, एवढं पुसायचं तर पूजेला देता कशाला? तर बोलले, सुध्या तेल लावतो, त्याला कळत नाय. तू सांगू नको त्याला."

मी कसंबसं विचारलं, का नाही सांगायचं?

"मीबी तेच विचारलं. तर बोलले, सांगितलं तर तो घाबरंल, माझ्या मागं यायचा नाय. आणि तो मागं नसला का मला घाट उतरायला भ्या वाटतं."

अंगणात सायकल भिंतीला टेकवलेली होती. सीटखाली, तारेला एक काळी पडलेली चिंधी गाठ मारून बांधली होती. मी ती सोडायला हात पुढे केला आणि तशीच राहू दिली.