बांबूच्या बेटातला वास

कॉलेजच्या बागेत अकरा माणसं कामाला होती, पण वास सुटला की हाक बाबासोलाच. १९९४ च्या पावसाळ्यात हे पहिल्यांदा घडलं. वसतिगृहामागच्या बांबूच्या बेटातून असा भपकारा येऊ लागला की पोरं ताटं घेऊन पुढच्या व्हरांड्यात पळाली. हेडक्लार्क हंबीरराव लांबूनच ओरडले, "बाबासो, काय तरी मेलंय तितं. बघ आनि टाक जा लांब!"

बाबासो कांबळे तेव्हा रोजंदारीवर होता. त्याचे वडील पिराजी गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातले. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर त्यांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. त्यापायी गावानं दळण-पाणी बंद केलं, तेव्हा ते बिऱ्हाड उचलून कोल्हापूरला आले. मेल्याला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. आता नाही म्हणावं तर काम जाणार, हो म्हणावं तर बापाला तोंड कसं दाखवायचं?

खुरपं घेऊन तो बेटात शिरला. मेलेलं काहीच नव्हतं. पाचोळ्यातून वीतभर उंचीची एक पांढरी कुत्र्याची छत्री वर आली होती. डोक्यावर हिरवट काळा चिकट लपका, खाली पांढऱ्या जाळीचा झगा, आणि भोवती माशाच माशा. वास तिचाच होता. बाबासोला हसूच फुटलं. त्यानं ती मुळासकट उपटली, खताच्या खड्ड्यात टाकली आणि सांगायला म्हणून ऑफिसकडे गेला. हंबीररावांनी दारातच थोपवलं. "लांब हो! आंगुळ करून ये आदी!"

मग तो काही बोलला नाही. आपण मेल्याला शिवलो नाही हे आपल्याला ठाऊक आहे, तेवढं पुरे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आणि खोटं कशाला बोला, हा माणूस पडेल ते काम करतो असं साहेबांना वाटलं तर कायम व्हायला बरं, हेही मनात होतंच.

कायम व्हायला सहा वर्षं गेली. वास मात्र दर पावसाळ्यात वाढतच गेला. आधी बेटात तीन ठिकाणी, मग गुलाबाच्या ताटव्यात, मग थेट प्राचार्यांच्या बंगल्यामागे. दरवेळी तीच हाक, तेच खुरपं. कँटीनमध्ये त्याचा कप बाजूला निघाला. वास येतो म्हणून, असं सांगण्यात आलं. त्यावरही तो गप्प राहिला. पन्नाशी जवळ आली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि भांडायचासुद्धा कंटाळा आला होता.

२००४ साली त्याची मुलगी दीक्षा त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती. एका सकाळी तिनं बापाला ताटव्यात वाकलेलं पाहिलं.

"आण्णा, ही कुठं टाकता तुम्ही?"

"खताच्या खड्ड्यात."

"आणि खत?"

"सगळ्या बागंला घालतो की."

दीक्षा पोट धरून हसली. "अवो, त्या लपक्यात हिचं बी असतंय. माशा वासाला भुलून येत्यात, चाटत्यात आणि जातील तिथं बी टाकत्यात. खाली मातीत पांढरे दोरे असत्यात, ते पाचोळ्यावर जगत्यात. खताबरोबर तुम्हीच पसरलासा की सगळीकडं!" मग तिचं हसू थांबलं. "पण आण्णा, तुम्हालाच का बोलावतात?"

"सवय लागलीय त्यास्नी," बाबासो म्हणाला आणि पुन्हा वाकला. पण तो प्रश्न त्याला वर्षभर टोचत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात बेटाकडून पुन्हा वास आला, पुन्हा हाक आली. या वेळी बांबूत खरंच एक मोकाट कालवड मरून फुगली होती. हंबीरराव नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि शेजारी दोर तयार होता.

"न्हाय, सायेब," बाबासो म्हणाला. "मेलेलं वडायचं आमच्या बापानंच सोडलंय."

"आरं, धा-अकरा वर्सं काढतोयस की! आजच काय झालं?"

"ती कुत्र्याची छत्री हुती, सायेब. मेलेलं कदीच न्हवतं."

हंबीररावांना खरंच नवल वाटलं. "मग बोलला न्हाईस ते? आमी समजलो तुला चालतंय."

त्या माणसाच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच बाबासोला सगळ्यात जास्त लागलं. अकरा वर्षं सगळ्या कॉलेजच्या लेखी तो मेलेली जनावरंच उचलत होता. एकट्याला माहीत असलेलं खरं कोणाच्याच कामाचं नव्हतं.

"बरं, ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाले. "त्या कृष्णातला हाक मारा."

कृष्णात दोन महिन्यांपूर्वी रोजंदारीवर लागलेला, दोन लेकरांचा बाप. तोही कांबळेच. बागेत अकरा माणसं असताना साहेबांना दुसरं नाव सुचलंही नव्हतं. कृष्णात आला, कालवडीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि दोर उचलला.

"ठिव त्यो खाली," बाबासो म्हणाला.

"मामा, कामावरनं काढतील वो."

"काढू देत न्हाय मी. ठिव. आनि ठिवून गप ऱ्हाऊ नगंस, तोंडानं सांग. मी सांगितलं न्हाय, म्हणून तुला हाक आली."

कृष्णातनं दोर खाली ठेवला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. बाबासोचे गुडघे ठणकत होते. तो बोलेपर्यंत बाबासो त्याच्याशेजारी उभाच राहिला.