कोरड्या विहिरीतलं ओलं टोपलं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. या सदरात लिहिणारे बहुतेक जण शेवटी "त्या दिवसापासून मात्र माझा विश्वास बसला" म्हणून हात जोडतात. माझा त्या दिवसानंतरही बसलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. माझ्याकडे फक्त डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट आहे आणि एक स्टीलचा डबा आहे. डबा अजून आमच्या फळीवर आहे... पण त्याचं पुढे सांगते.

चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका. गडचांदूरहून घाट चढून वर आलं की पठार लागतं, त्या पठाराच्या टोकाला आमची मोजकी घरं. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच रील काढायला पोरं येतील. इथे पाऊस चिक्कार पडतो आणि सगळा खाली पळतो. कापूस, सोयाबीन होतं ते देवाच्या भरवशावर. उन्हाळ्यात टँकर घाटाच्या शेवटच्या वळणावर धापा टाकून परत फिरतो. मग बायका नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. मीही भरलंय, शाळेच्या आधी.

माझे आजोबा मोठ्या दुष्काळात मराठवाड्यातून बायको, एक बैल आणि एक पहार घेऊन इथे आले. बैल पहिल्याच पावसाळ्यात गेला. शेजारच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्याने त्यांना झोपडी कुठे घालायची आणि कुठे घालायची नाही ते सांगितलं, म्हणून पहिलं वर्ष निभावलं. पुढे आजी झिऱ्यावरून हंडा आणताना घसरली, कंबर मोडली, ती परत उभी राहिलीच नाही. त्या वर्षी आजोबांनी शेताच्या वरच्या कोपऱ्यात विहीर खणायला घेतली. दर उन्हाळ्यात खणायची, पाऊस आला की थांबायचं. मुरूम, मग चुनखडी, मग पिवळा खडक... पाणी नाही. गाव हसलं. आजोबा खणत राहिले. त्यांच्यानंतर बाबांनी दोनदा बोअरही मारून पाहिली. दोन्ही वेळा पांढरा धुरळा निघाला आणि गाडीवाले तोंड पुसत निघून गेले. बाबा पुन्हा विहिरीत उतरले.

आणि हो, आजोबा विहिरीत मेलेले नाहीत. गावात अजून तसं सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ते घरात, खाटेवर, तापाने गेले. शेवटचं वाक्यही काही गूढ नव्हतं. "चहात साखर कमी हाय" म्हणाले होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोल विहिरीत ओरडलेलं वर कळत नाही, नुसता घुमारा येतो. म्हणून आजोबांनी ठोक्यांची पद्धत पाडली होती. आतल्या माणसाने खडकावर पहार दोनदा ठोकली की टोपलं भरलं, ओढा. वरच्या माणसाने गराडीच्या, म्हणजे दोराच्या चाकाच्या, खांबावर एकदा ठोकलं की ऐकलं, ओढतोय. आणि तीन ठोके म्हणजे काम संपलं, मला वर घ्या. पण हे तीन ठोके आमच्या घरात कधी कुणी ऐकलेच नव्हते. आजोबा म्हणायचे, तीन ठोके मी पाणी लागल्यावर देईन, तोवर शिडीनं येतो-जातो. बाबाही शिडीनेच चढायचे.

शिवाय आजोबांचा उजवा खांदा अधू होता. पहिला ठोका देऊन ते पहार दुसऱ्या हातात घ्यायचे, मग दुसरा. मध्ये चांगला श्वासभर वेळ जायचा. आई लग्न होऊन आली तेव्हा वरून दोर ओढायला तिलाच उभं करायचे, त्यामुळे तो वेळ तिच्या हातात बसलाय. बाबांचे ठोके एकामागोमाग पडतात, ठकठक, दार वाजवल्यासारखे.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. मी गडचांदूरला एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, सुट्टीत घरी आले होते. घरात वातावरण असं की कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. माझ्या काकाने, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, बाबांसाठी गडचांदूरला वॉचमनची नोकरी आणि एक खोली बघून ठेवली होती. बाबांनी होही म्हटलं होतं. या पावसाआधी विहिरीला पाणी लागलं तर राहायचं, नाहीतर घर बंद करून खाली उतरायचं. शेत पडीक. आईला हे मान्य नव्हतं, पण तिला विचारलंच कुणी?

भर दुपारची वेळ. बाबांनी तळ झाडून शेवटचं टोपलं वर पाठवलं. मी ते रिकामं केलं, झटकलं आणि पुन्हा खाली सोडलं, म्हणजे जेवण झाल्यावर लगेच काम सुरू. हे टोपलं मी स्वतः रिकामं सोडलं होतं, हे दोनदा वाचा. बाबा शिडीने वर आले, पहार खालीच ठेवली. आम्ही तिघंही जवळच्या मोहाच्या झाडाखाली भाकर-कांदा घेऊन बसलो.

ठक्क.

आणि मग बऱ्याच वेळाने... ठक्क.

आईच्या हातात घास होता. तो तिने ताटलीत ठेवला, उठली, हात लुगड्याला पुसले, खांबावर एकदा ठोकलं आणि दोर ओढायला लागली. जणू रोजचंच काम. मला आधी हसूच आलं.

"आई, कोणासाठी ओढून राह्यली? बाबा तर इथी हायेत!"

आईचे हात थांबले. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोर ताणलेला होता. रिकाम्या टोपल्याला दोर असा ताणत नाही.

"पूनम," ती म्हणाली, "हात लाव. भरेल हाये."

मी हात लावला. टोपलं काठावर आलं. भरलेलं होतं, शिगोशीग. आत निळसर करडा मुरूम, त्यात बारीक पांढरे कण, आणि ओला. टोपल्याच्या कामट्यांतून थेंब गळत होते. आमच्या विहिरीतून इतक्या वर्षांत कधी निळसर काही निघालेलं नाही, आणि ओलं तर नाहीच नाही.

बाबा उभे राहिले. "मीच भरून ठेवलं असन," म्हणाले.

"अन् पाणी?" आईने विचारलं.

बाबांनी गळणारा एक थेंब बोटावर घेतला. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

मला राग आला. भीती वाटली की मला रागच येतो, लहानपणापासून. कुणीतरी टवाळकी करतंय असं वाटलं आणि मी तरातरा शिडीने खाली उतरले. बाबा वरून ओरडत होते, मला नुसता घुमारा ऐकू येत होता. खाली कुणी नव्हतं. पहार भिंतीला टेकून उभी होती, बाबांनी ठेवली तशी. तळाचा पिवळा खडक कोरडा ठाक होता, तळहात ठेवला तर धुळीचा ठसा उठला. निळसर मुरमाचा एक खडाही नाही. मी पाय आपटून पाहिले, भिंती चाचपल्या. मग वर आले, जेवणाच्या डब्यातला कांदा बाहेर काढला आणि त्यात मूठभर तो ओला मुरूम भरून झाकण लावलं. पुरावा म्हणून. कुणाला दाखवायचा ते ठरलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारचे गंगारामभाऊ आले, विहिरीपासून लांबच उभे राहिले.

"विहीर माणूस मागून राह्यली," ते म्हणाले. "बकरा द्या अन् बुजवून टाका."

दुसऱ्या दिवशी काका मोटारसायकलवर आला. काका वाईट नाही, तो खरंच घाबरला होता. "दादा, हा इशारा हाये. जागा सोड म्हणून राह्यले आपले बाबा. किती दिवस अंत पाहतं?"

बाबा खाली बघत म्हणाले, "मले बी तसंच वाटते."

तोवर आई भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनीच बाहेर आली.

"भावजी, तुमाले किती ठोके होते ते तरी माहीत हाये का? दोन. दोन म्हंजे टोपलं ओढा. जागा सोडा म्हून कोणता ठोका हाये, सांगा मले. माह्या सासऱ्यानं जिवंतपणी मले कधी वाईट नाई सांगतलं, आता मेल्यावर काऊन सांगन?"

"वैनी, पण..."

"पण नाई अन् बिण नाई. तुमी जा गडचांदूरले. हेही जातीन. मी खणतो."

आणि ती खरंच गेली. लुगड्याचा काचा मारला आणि शिडीवर पाय ठेवला. आमच्याकडे बाईमाणूस विहिरीत उतरत नाही, मी उतरले तेव्हाच कुजबुज झाली होती. उतरण्याआधी आईने रिकाम्या टोपल्यात एक भाकर आणि तंबाखूची पुडी ठेवली आणि काठावर वाकून, मोठ्याने, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाजी, जेवून घ्या. टोपलं पोचलं आमाले. आता आमाले खणू द्या!"

मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. बाबांना बहुतेक लाज वाटली असावी. त्यांनी तिला दंडाला धरून मागे घेतलं आणि स्वतः उतरले. भाकरीचं काय झालं विचाराल, तर बाबांनी खाल्ली. तंबाखूसुद्धा.

काका लगेच परत गेला नाही. कटकट करत का होईना, दोराला उभा राहिला. "मी हे फक्त वैनीसाठी करून राह्यलो" असं दर टोपल्यामागे म्हणायचा. पिवळा खडक पहारीला दाद देत नव्हता. बाबांच्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आभाळात ढग जमायला लागले. गंगारामभाऊ रोज येऊन किती झालं विचारून जायचे आणि मान हलवायचे. माझी सुट्टी संपत आली होती. मनातून मीही खोलीचं भाडं कोण भरणार याचा विचार सुरू केला होता, कबूल करते.

मग एका दुपारी टोपलं वर आलं ते निळसर. काकाने ते माझ्यापुढे ठेवलं. मी घरात पळत गेले, डबा आणला. आतला मुरूम आता वाळला होता. त्यावर तांब्यातलं थोडं पाणी टाकलं. तोच रंग, तेच पांढरे कण, तोच वास. जिथवर आम्ही अजून पोचलोच नव्हतो तिथला मुरूम माझ्या डब्यात होता... इतके दिवस आधीपासून.

आणि खालून बाबा ओरडत होते. या वेळी घुमारा असला तरी कळलं. पाणी!

घोट्याएवढं होतं, गढूळ, गार. ठोके द्यायचं भानही बाबांना राहिलं नाही, ते शिडीनेच वर आले, चिखलाने माखलेले, आणि मोहाखाली बसून लहान पोरासारखे रडले. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. आम्ही चौघंही बाहेर होतो. विहिरीत कुणीही नव्हतं.

ठक्क.

...ठक्क.

...ठक्क.

आमच्या घरात कुणीच कधी न ऐकलेले ठोके. तरी अर्थ विचारायची कुणाला गरज पडली नाही. आई उठली. खांबावर एकदा ठोकलं. दोर धरला. मग बाबांनी धरला, मग मी, आणि सगळ्यात शेवटी, तोंडाने रामराम करत, काकाने. मुरमाचं ओझं आणि माणसाचं ओझं यात फरक असतो. मुरूम मुकाट येतो, माणूस दोराला झोके देतो. तो दोर झोके देत होता. चौघांचे दंड भरून आले. टोपलं काठाला लागलं आणि ओझं एकदम गेलं, काका मागे धपकन बसला. टोपलं रिकामं होतं.

आईने डोक्यावर पदर घेतला आणि वाटेतून बाजूला सरली.

"या मामाजी," म्हणाली.

त्यानंतर ठोके आलेले नाहीत.

कमेंटमध्ये जे विचारणार आहात ते मी स्वतःला विचारून झालंय. कुणी खोडी केली? तो मुरूम आमच्या साऱ्या पठारावर वर कुठेही नाही. भास? डबा भास नाही. एका भूगोलाच्या सरांना दाखवला, त्यांनी चुनखडीखालच्या थरांचं छान समजावलं. आणि टोपलं कसं भरलं विचारल्यावर म्हणाले, तुमचा काहीतरी गोंधळ झाला असेल. झाला असेल. आधी तिघांचा, मग चौघांचा, दोरासकट.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. भूत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आमच्या माणसाला घाबरून राहायला मला सांगू नका. बाबांची वॉचमनची नोकरी दुसऱ्याने घेतली. काका दर रविवारी वर येतो, म्हणे हवापालट. गंगारामभाऊ अजून बकरा द्या म्हणतात, आणि म्हणता म्हणता आमच्याच विहिरीवर घागर भरतात. आई त्यांना सांगते, "बकरा नाई भेटत भाऊ. पाणी न्या."

ज्यांना पटलं नसेल त्यांनी मे महिन्यात यावं. शेवटच्या वळणावर टँकर अडलेला दिसेल. त्याच्या बाजूने चढून वर या, पाणी पिऊन जा.